बाबांच्या तोंडाला आलेला वास

मला पहिल्यापासून खाकी कपड्यांची भीती. पोस्टमन आला तरी मी दाराआड व्हायचे. बाबा हसायचे. "हे पोट्टी आपल्या सावलीले भेते," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि मला संताप यायचा. भित्र्या माणसाला राग फार लवकर येतो, हे न भिणाऱ्यांच्या कधी लक्षात येत नाही. पण ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या वर्षी आमच्या घरात सगळेच भ्याले. हसायला कोणी उरलं नाही.

बाबा रेल्वेत गँगमन होते. वरठीच्या पुढे, तुमसरच्या अंगाला, लाईनीच्या कडेला रेल्वेच्या खोल्यांची एक ओळ होती. तिथल्या शेवटच्या खोलीत बाबा, माय आणि मी, असे तिघं राहायचो. गाडी आली की भांडी वाजायची आणि गेली की थांबायची. पाहुणे दचकत, आम्ही दचकत नसू. गाड्यांची तेवढी मला भीती नव्हती. मॅट्रिकला दोनदा आपटून मी घरी बसले होते, आणि लग्न जमेपर्यंत मायच्या हाताखाली राबत होते.

बाबा आंधळगावकडचे, धानाच्या बांधीत वाढलेले. माय अड्याळच्या पलीकडची, जंगलाला लागून असलेल्या गावची. दोघांच्या गावांत तसं फार अंतर नाही, पण मायच्या माहेरी एक रीत होती, ती बाबांच्या गावी नव्हती. जंगलात लाकडं तोडताना कोणाला कुऱ्हाड लागली की पहिल्या धारेची मोहाची दारू जखमेवर ओतायची आणि दोन घोट त्या माणसाच्या पोटात घालायचे. एक जखम धुवायला, दुसरं जीव ठिकाणावर ठेवायला. बाळंतिणीच्या अंगालाही तीच, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यालाही तीच. म्हणून माय माहेराहून येताना एक बाटली लुगड्यात गुंडाळून आणायची आणि तांदळाच्या कोठीमागे ठेवायची. ती हातभट्टीची दारू आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे, तेही रेल्वेच्या खोलीत, हे तिला ठाऊक होतं. पण आपण हळद ठेवतो तशी ती बाटली ठेवायची.

बाबा पीत नव्हते, असं मी म्हणणार नाही. पगाराच्या दिवशी प्यायचे आणि गाणं म्हणत यायचे. गाण्याचा गळा अजिबात नव्हता. पण ड्यूटीवर कधी नाही. रुळाचं काम करणारा माणूस पिऊन उभा राहिला तर स्वतः तर मरतोच, बाजूच्यालाही घेऊन मरतो, हे ते पितानाही सांगत.

त्या दिवशी गँग आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर रूळ बदलत होती. रूळ उचलायचा म्हणजे लोखंडाचे मोठे चिमटे लावायचे, एकेका चिमट्याला दोन माणसं, आणि गँगचा मेट म्हणजे मुकादम हाळी देईल तेव्हा सगळ्यांनी एका दमात उचलायचं. टाकायचंही एका दमात. मेटची हाळी आम्हाला घरात ऐकू यायची. मी भांडी घासत होते. हाळी आली, आणि तिच्या मागोमाग जी "टाक" यायला हवी ती आलीच नाही. त्याऐवजी लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज आला, आणि मग बाबांचा.

त्यांच्या बाजूचा चिमटा सुटला होता. रूळ त्यांच्या डाव्या पावलावर पडला. पायात टायरची चप्पल. आम्ही पोचलो तेव्हा लोकांनी रूळ बाजूला केला होता आणि बाबा गिट्टीवर आडवे होते, पांढरेफटक. पायाकडे मी एकदाच पाहिलं. माय मात्र पाहतच राहिली, आणि मग अगदी शांत आवाजात मला म्हणाली, "जाय, कोठीमागची आन."

मी धावले. बाटली आणली. मायनं अर्धी पायावर ओतली, तेव्हा बाबा असे ओरडले की मी कान दाबून घेतले. मग तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटली तोंडाला लावली. दोन घोट. कदाचित तीन. मेट पुढे आला. त्यानं मायच्या हातातून बाटली घेतली आणि स्वतः एक घोट मारला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. उरली ती अशी सगळ्या गँगमध्ये फिरली. कोणी वाईट मनानं प्यायलं नाही. सगळेच भेदरले होते. मग त्यांनी बाबांना ढकलट्रॉलीवर घालून स्टेशनला नेलं, तिथून रेल्वेच्या दवाखान्यात.

डॉक्टरनं अर्धं पाऊल कापलं, म्हणून बाबा वाचले. त्या डॉक्टरला मी आजही नावं ठेवणार नाही. त्यानं फक्त जे नाकाला आलं ते कागदावर लिहिलं, की रोग्याच्या तोंडाला दारूचा वास होता.

बाबा दवाखान्यातून परत आले आणि त्यांच्यामागून तो वास आमच्या घरी आला. ड्यूटीवर दारू पिऊन होते, म्हणून नोकरीवरून का काढू नये, अशी नोटीस आली. अपघाताची भरपाईही मिळणार नाही, कारण अपघात दारूमुळेच झाला. नोकरी गेली की खोलीही जाणार. अर्ध्या पावलाचा माणूस घेऊन कुठं जायचं, हे आम्हाला कळेना. आंधळगावची जमीन काकांच्या ताब्यात होती, आणि काका फक्त लग्नामुंजीपुरते आमचे होते.

कोणीतरी भंडाऱ्याचे एक वकील सांगितले. आम्ही तिघं गेलो. वकील भले होते, पण त्यांना बोलताना दात कोरायची सवय होती, आणि त्याचाही मला राग येत होता. त्यांनी समजावून सांगितलं, की कामावर इजा झाली की मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा आहे. चूक कोणाची, चिमटा जुना होता की नवा, हे बघत नाहीत. फक्त दारूमुळे अपघात झाला असेल तर मिळत नाही.

"आन मानूस मेला तं?" मायनं विचारलं.

वकिलांनी काडी खाली ठेवली. "मेले असते तर दारूचा प्रश्नच आला नसता, बाई. मग तुम्हाला मिळाले असते. कायदा तसा आहे."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. आपला बाप जगला म्हणून आपण बुडालो, असा हिशेब जगात कुठंतरी लिहून ठेवला आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि त्याची मला अजूनही भीती वाटते.

"आता वास आला कुठून, ते सांगा," वकील म्हणाले. "अपघातानंतर कोणी पाजली असेल तर गोष्ट वेगळी. पण तसं सांगणारा माणूस पाहिजे. ज्यानं पाजली तो, नाहीतर ज्यानं पाहिलं तो."

"मले मालूम नाई," बाबा म्हणाले.

त्यांच्या आवाजावरून मला कळलं, की त्यांना सगळं मालूम आहे. मायनं जमिनीकडे पाहिलं. मीही जमिनीकडे पाहिलं. वकिलांच्या फरशीवर शाईचा एक जुना डाग होता, तो मी आजही चितारून दाखवीन.

चार दिवसांनी मेट घरी आला. हातात केळी घेऊन. बाबांच्या पायाकडे न बघता खाटेच्या कोपऱ्यावर टेकला आणि मायला म्हणाला, "वहिनी, कोर्टाच्या नादी लागू नका. वासाची गोष्ट निघाली तं बाटली निघल. बाटली निघाली तं ते कोनाच्या घरची, हे निघल. पोलीस येतीन. बाईमानसाले ठान्यात नेतेत, तं कसं वाटल?"

"आन तुमी बी पेले होते," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते कसं निघालं, देव जाणे.

मेट माझ्याकडे वळून हसला. ते हसू मला मुळीच आवडलं नाही. "म्हनूनच सांगून राहिलो, बाई. सारेच पेले होते. साऱ्यायची नोकरी जाईल. बारा घरं रस्त्यावर येतीन. तुमच्या एका घरासाठी." मग बाबांकडे वळून म्हणाला, "तू चूप रायजो. मी सायबाले सांगून फाटकावर चिकटवतो तुले."

तो चिकटवणार नव्हता, हे बाबांनाही कळत होतं. पण बारा घरांची गोष्ट खरी होती. त्या बाराही घरांतल्या बायका नळावर आमच्याशी बोलेनाशा झाल्या. आम्ही अजून काही केलंही नव्हतं. माझ्या अंगावरून कोणी जाऊन मुद्दाम बादली आपटली की मी रिकामी कळशी घेऊनच मागे फिरायचे. माय म्हणायची, "पानी भर आन चाल." पण तिचं स्वतःचं जेवण तुटलं होतं. दुरून जीपचा आवाज आला की तिचा हात घासाबरोबर थांबायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आम्ही चोरी केली नव्हती, तरी चांदणं मात्र रोज पडत होतं.

पुढे वकिलांनी भरपाईचा दावा दाखल केला, पण बाबांनी तो मागे घ्यायचं ठरवलं. वकिलांनी त्यांना थांबवलं. निदान एकदा साहेबांसमोर उभे तर राहा, म्हणाले.

भरपाईचे दावे बघणारे साहेब एका लांब खोलीत बसायचे. पंखा होता पण त्यांच्याच डोक्यावर. दोन वेळा तारीख पुढे गेली. तिसऱ्या खेपेला डॉक्टरचा कागद वाचला गेला, आणि मग मेटला बोलावलं.

"त्या दिवशी यांच्या तोंडाला वास येत होता?"

"येत होता, सायेब."

"काम सुरू करण्याआधी येत होता?"

मेटनं टोपी हातात फिरवली. "मी तेवढं ध्यान देल्लं नाई, सायेब."

खोटं नव्हतं, आणि त्याइतकं खोटं मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही. रेल्वेच्या बाजूच्या वकिलांनी मान हलवली आणि कागद जुळवायला घेतले. आता संपलं, असं मला वाटलं, आणि लाज वाटते सांगायला, पण क्षणभर बरंही वाटलं. संपलं तर घरी जाऊ, दार लावून घेऊ.

तेवढ्यात माय बाकावरून उठली. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि कोणी बोलवायच्या आत पुढे जाऊन उभी राहिली. शिपाई तिला मागे सारायला लागला. आमच्या वकिलांनी घाईघाईनं साहेबांना काही सांगितलं, आणि साहेबांनी शिपायाला थांबवलं. तिला शपथ घातली.

"ते दारू माही होती," माय म्हणाली. "पाय चेंदून गेल्यावर मी पायावर ओतली. मंग मीच यायच्या तोंडात ओतली. आमच्या इकडे तसंच करतेत."

"घरी दारू ठेवणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाये."

साहेबांनी चष्मा काढला आणि बाबांकडे पाहिलं. "या म्हणतात ते खरं आहे का?"

बाबा कुबडीवर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हो म्हणतील आणि सगळं सुटेल. त्यांनी मायकडे एकदा पाहिलं.

"नाई, सायेब," ते म्हणाले. "ते मले वाचवासाठी खोटं बोलून राहिली. मी घरून पिऊनच गेलतो."

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. रेल्वेचे वकील पुन्हा खाली बसले. माय तोंड उघडं टाकून बाबांकडे बघत होती. अर्धं पाऊल, नोकरी, खोली, सगळं त्या माणसानं एका वाक्यात टाकून दिलं होतं, ते माय ठाण्यात जाऊ नये म्हणून. मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि इतकी भीती वाटली, कारण साहेब आता खोलीभर नजर फिरवत विचारत होते, "हे पाहणारं आणखी कोणी आहे?"

मेट खाली बघत होता. गँगची दोन माणसं दाराशी होती, ती बाहेर गेली. उरले मी.

मी हो म्हटलं तर माय गेली, नाही म्हटलं तर बाबा गेले. मी उभी राहिले ती धिटाई म्हणून नाही. साहेबांची नजर माझ्यावर येऊन थांबली, आणि मला मोठ्या माणसांनी बघितलं की बसून राहवत नाही, एवढंच. शपथ कशी म्हटली तेही आठवत नाही.

"माय खरं सांगते," मी म्हणाले. "बाटली मीच आणून दिली. बाबा सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन गेले होते." मग भीतीनंच मला पुढे बोलायला लावलं. "यांनीही तोंडाला लावली होती. मेटकाकांनी. मायच्या हातातून घेऊन. मग सगळ्यांनी."

साहेब मेटकडे वळले. "मग डॉक्टरकडे तुम्हाला नेलं असतं, तर तुमच्या तोंडालाही वास आला असता का?"

मेटनं टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. साहेबांनी लिहायला घेतलं.

मायबद्दल ते एवढंच म्हणाले, "दारू ठेवण्याचा प्रश्न माझ्यापुढं नाही." म्हणजे माफ केलं, की दुसऱ्या कोणापुढं जाणार आहे, हे साहेबांना विचारायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही. बाहेर आल्यावर वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "आता झाकली मूठ कशाला उघडता? घरी जा."

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी, माय मध्ये, मी कडेला. बस निघाल्यावर पुष्कळ वेळानं बाबा म्हणाले, "काहून बोलली तू? माहा पाय तं गेलाच होता. आता तुले जन्मभर भ्या लागल."

"तुमी एकटेच भेत होते," माय म्हणाली. "आता दोघं मिळून भेऊ."

मग ती झोपी गेली. बसमध्ये, डोकं मागच्या दांड्यावर आपटत असताना. किती दिवसांत ती नीट झोपली नव्हती, ते मला तेव्हा कळलं.

भरपाई मिळाली. नोटीस मागे घेतली गेली, आणि बाबांना बसून करायचं काम मिळालं, पुढच्या एका फाटकावर. गँगमधल्या कोणाची नोकरी गेली नाही. सगळ्यांनाच काढलं तर रूळ कोण उचलणार, असा विचार वरच्यांनी केला असावा. बायका नळावर बोलायला लागल्या. मेटनं मात्र आमच्या दारावरून जाणं सोडलं.

फाटकाजवळच्या खोलीत आल्यावर मायनं एक कापडी पिशवी शिवली. तिच्यात दोन लुगडी, एक चादर, मिसरीची डबी आणि कंगवा ठेवला, आणि ती दाराजवळच्या खुंटीला टांगली. कशाची ती, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बाबांनी एकदा ती काढून पेटीत टाकली, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खुंटीवर.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. माझं लग्न झालं होतं आणि मी बाळंतपणाला आले होते. उन्हाळा होता. दुपारी फाटक बंद होतं, मालगाडी यायची होती, आणि रस्त्यावर एक पोलिसांची जीप येऊन थांबली. जीपमधून एक हवालदार उतरला. फाटकाकडे न जाता तो सरळ आमच्या दाराकडे यायला लागला.

माझा हात पोटावर गेला. माय चुलीपुढून उठली. तिनं तोंडावर पाणी मारलं, पदर नीट केला, खुंटीवरची पिशवी काढून काखेत घेतली आणि उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली.

"चला," ती हवालदाराला म्हणाली.

"कुठं, बाई?" हवालदार म्हणाला.

तेवढ्यात बाबा फाटकाच्या खोपटातून बाहेर पडले. काठी तिथंच राहिली होती. त्या अर्ध्या पावलावर, तापलेल्या गिट्टीवरून, धडपडत ते धावत होते. माणूस तसा धावताना मी पुन्हा पाहिला नाही. "ते नाई," ते लांबूनच म्हणत होते, "ते नाई, मी. मले न्या."

हवालदार बिचारा दोघांकडे बघत राहिला. जीपचं इंजिन तापलं होतं. त्याला पाणी पाहिजे होतं.

मी बादली भरून दिली. मालगाडी गेली, बाबांनी फाटक उघडलं आणि जीप निघून गेली. धूळ खाली बसेपर्यंत माय तिथंच उभी होती. मग ती घरात आली आणि पिशवी पुन्हा खुंटीला टांगली.